लाईट गेली, रस्ता बंद झाला तर : घरात काय, किती आणि कसे साठवून ठेवावे

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात 'पावसाळ्याची बेगमी' हा शब्द नवा नाही. मे महिन्यात सांडगे, पापड, कुरडया वाळत घालायच्या, डाळींना एरंडेल लावून डबे भरायचे, आमसुलं आणि सुकी मासळी आणून ठेवायची, जळण आत ओढायचे, ही कामे घराघरांत होत असत. गोव्यात यालाच पुरुमेंत म्हणतात. म्हापसा-मडगावात मे महिन्यात त्याचा बाजारच भरतो. पुढे किराणा दुकान गल्लीत आले, मोबाईलवर सामान मागवता येऊ लागले आणि ही सवय मागे पडली.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात तिची आठवण झाली. पुणे-बेंगळूर महामार्गावर शिरोलीजवळ पंचगंगेचे आणि निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचे पाणी आले. कोल्हापूर-बेळगाव वाहतूक थांबली. कोल्हापुरात दूध आणि पेट्रोलची टंचाई झाली. जुलै २०२१ मध्ये यमगर्णीला पुन्हा तेच झाले. त्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले आणि झाडे, खांब पडल्याने अनेक गावे काही दिवस अंधारात होती. ऑक्टोबर २०२० मध्ये हैदराबादला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीच्या पुरात वडोदऱ्याला वस्त्यांत पाणी शिरले. सुरक्षेसाठी वीज बंद ठेवावी लागली.

या सगळ्यात अडचण एकाच जातीची होती. बाजार होता, पण तिथवर जाता येत नव्हते. पैसे होते, पण मोबाईल बंद असल्याने देता येत नव्हते. पहिले दोन-तीन दिवस ज्याच्या घरात होते त्याचेच भागले. अशा दिवसांसाठी घरात काय ठेवावे, किती ठेवावे आणि ते वाया कसे जाऊ देऊ नये, याची ही एकत्र माहिती.

किती दिवसांचे धरायचे?

सगळ्यांनी महिन्याभराचे भरून ठेवायची गरज नाही. आपले घर कुठे आहे त्यावर हिशेब ठरतो.

* एक दिवस : शहरातले घर, पुराची भीती नाही, फक्त लाईट जाते. बेळगाव शहर, इंदूर, ग्वाल्हेरच्या उंच वस्त्या. वळवाच्या वाऱ्यात किंवा ट्रान्स्फॉर्मर जळाला तर एवढे पुरते.
* तीन दिवस : वरच्या मजल्यावरचे फ्लॅट, सखल भागातील कॉलन्या, गोव्यातील किनाऱ्यालगतची गावे. कोणत्याही घराने किमान एवढे धरावेच.
* सात दिवस : नदीकाठची आणि पुलापलीकडची गावे, तसेच कणकुंबी, जांबोटी, लोंढा असा जंगलपट्टा. इथे झाड तारेवर पडले की लाईनमनला फॉल्ट शोधायलाच वेळ लागतो.

खाली दिलेले आकडे चार माणसांच्या घरासाठी आहेत. माणसे कमी-जास्त असतील तर त्या प्रमाणात बदलावेत.

पाणी : सर्वात आधी हेच संपते

लाईट आणि पाणी वेगळे नाहीत. बोअरची मोटर विजेवर, अपार्टमेंटच्या टाकीचा पंप विजेवर आणि गावाला येणारे नळाचे पाणीही विजेवर. बेळगाव शहराला राकसकोप आणि हिडकलहून येणारे पाणी पंपांनी उचलले जाते. इंदूरला नर्मदेचे पाणी जलूदहून पंपांनीच वर चढवतात. पंपिंग स्टेशनची लाईट गेली की दुसऱ्या दिवशी नळ कोरडा.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने मदत छावण्यांसाठी दर माणशी रोज किमान ३ लिटर पिण्याचे पाणी धरले आहे. घरात स्वयंपाकासह ४ लिटर धरावे.

* ४ माणसे × ४ लिटर × ३ दिवस = ४८ लिटर. म्हणजे २० लिटरचे दोन कॅन आणि एक भरलेली कळशी.
* सात दिवसांसाठी ११२ लिटर.
* वापरायचे पाणी वेगळे. संडासात बादलीने ओतायचे तरी एका वेळेला ५-६ लिटर जाते. एक २०० लिटरचा ड्रम भरलेला असेल तर तीन दिवस काटकसरीने निघतात.

पिण्याचे पाणी झाकणाच्या, तोंड बारीक असलेल्या भांड्यात ठेवावे, म्हणजे हात आत जात नाही. रोजच्या वापरातून ते फिरते ठेवावे. आज भरलेले उद्या-परवा वापरायचे आणि पुन्हा भरायचे. ड्रमवर कापड बांधावे किंवा घट्ट झाकण लावावे, नाहीतर आठवड्यात डासांच्या अळ्या होतात.

आरओ मशीन लाईटशिवाय चालत नाही, हे अनेकांना लाईट गेल्यावरच कळते. अशा वेळी पाणी गाळून, चांगली उकळी फुटेपर्यंत तापवावे आणि गार करून प्यावे. तुरटी फिरवल्याने गाळ खाली बसतो, पण जंतू मरत नाहीत. तुरटी फिरवलेले पाणीही उकळावेच लागते. गॅस वाचवायचा असेल तर क्लोरीनच्या गोळ्या ठेवाव्यात. किती लिटरला किती गोळ्या हे पाकिटावर असते, ते बघूनच टाकाव्यात आणि अर्धा तास थांबून पाणी प्यावे. विहिरीत किंवा बोअरमध्ये पुराचे पाणी शिरले असेल तर शुद्धीकरण आणि तपासणी झाल्याशिवाय ते पिऊ नये.

धान्य : कॅलरीचा हिशेब

छावण्यांच्या त्याच निकषांत मोठ्या माणसाला दिवसाला २,४०० कॅलरी धरल्या आहेत. आपल्याकडच्या साध्या जेवणातून त्या जवळपास अशा निघतात :

* तांदूळ, ज्वारी किंवा गव्हाचे पीठ ४०० ग्रॅम : सुमारे १,४०० कॅलरी
* डाळ ७५ ग्रॅम : सुमारे २६०
* तेल ३० ग्रॅम : २७०
* गूळ ४० ग्रॅम : सुमारे १५०
* शेंगदाणे ५० ग्रॅम : सुमारे २८०

बेरीज साधारण २,३५०. हेच चार माणसांना सात दिवस पुरवायचे तर धान्य ११ किलो, डाळ २ किलोच्या थोडी वर, तेल एक लिटर, गूळ सव्वा किलो आणि शेंगदाणे दीड किलो लागतात. सोबत मीठ, तिखट, हळद, चहा-साखर आणि लोणचे. कांदे-बटाटे दोन-तीन किलो असले की भाजीचा प्रश्न मिटतो. यातले बहुतेक सामान महिन्याचा किराणा भरणाऱ्या घरात असतेच. फक्त महिनाअखेरीला डबे तळाला जाऊ द्यायचे नाहीत, एवढेच बघायचे.

पीठ गिरणीतून आणावे लागत असेल तर लाईट गेल्यावर गिरणीही बंद असते. पावसाळ्यात आठवड्याचे पीठ दळून ठेवावे आणि घट्ट डब्यात कोरड्या जागी ठेवावे.

न शिजवता खायचे

पहिल्या दिवशी शेगडी पेटेलच असे नाही. पाणी घरात शिरले तर स्वयंपाकघरच हातात राहत नाही. म्हणून एक डबा वेगळा भरावा. या भागात त्यासाठी बाहेरचे काही आणायची गरज नाही :

* चुरमुरे, भडंग, फुटाणे
* पातळ पोहे (ताक किंवा पाणी शिंपडून, शेंगदाणे-गूळ घालून)
* कडक भाकरी आणि शेंगांची चटणी. ज्वारी-बाजरीची कडक भाकरी कोरड्या डब्यात काही आठवडे टिकते.
* सातूचे पीठ, मेतकूट, राजगिरा किंवा शेंगदाण्याचे लाडू, खजूर
* लहान मुलांसाठी बिस्किटे, दूध पावडर, टेट्रापॅकमधले दूध

अंगावर पिणारे बाळ असेल तर आईच्या खाण्यापिण्याचा वाटा जास्त धरावा. बाळाला वरचे दूध असेल तर त्याच्या डब्याची पावडर एक डबा जादा आणि ती कालवायला उकळलेले पाणी वेगळे ठेवावे.

गॅस आणि चूल

घरगुती सिलिंडर १४.२ किलोचा असतो. ज्यांच्याकडे दोन सिलिंडरचे कनेक्शन आहे त्यांनी एक रिकामा होताच दुसरा बुक करावा. जून ते सप्टेंबर रिकामा सिलिंडर घरात पडून ठेवू नये. इंडक्शनवर स्वयंपाक करणाऱ्यांनी एक गॅसची शेगडी जोडलेली ठेवावी. काडेपेटी प्लास्टिकच्या डबीत ठेवावी. सादळलेली काडी पेटत नाही आणि लायटर नेमका त्याच दिवशी दगा देतो.

पुराचे पाणी येणार असे दिसताच रेग्युलेटर बंद करून काढावा, सिलिंडरला टोपी लावावी आणि शक्य असेल तर वर न्यावा. गॅस गळतीचा वास आला तर कोणताही स्विच चालू-बंद न करता दारे-खिडक्या उघडाव्यात, बाहेर यावे आणि १९०६ या क्रमांकावर कळवावे.

उजेड आणि मोबाईल

मेणबत्तीपेक्षा एलईडी टॉर्च बरी. अंधारात, घाईत, पडद्याजवळ ठेवलेली मेणबत्ती हे आगीचे नेहमीचे कारण आहे. घरात किमान दोन टॉर्च असाव्यात. एक चार्जिंगची आणि एक सेलवर चालणारी, कारण तीन दिवस लाईट नसेल तर चार्जिंगची टॉर्च पहिल्या रात्रीनंतर उपयोगाची राहत नाही. सेल टॉर्चमध्ये भरून ठेवू नयेत, ते गळतात. शेजारी पिशवीत ठेवावेत. टॉर्चची जागा ठरलेली असावी आणि घरातल्या सगळ्यांना ती माहीत असावी.

२०,००० एमएएचची पॉवर बँक पूर्ण भरलेली असेल तर ५,००० एमएएच बॅटरीचा मोबाईल अडीच ते तीन वेळा चार्ज होतो. घरात चार मोबाईल असतील तर एकच चालू ठेवावा, बाकीचे बंद. टॉवरलाही लाईट लागते. त्याची बॅटरी आणि डिझेल संपले की रेंज जाते. रेंज नसताना मोबाईल टॉवर शोधत राहतो आणि बॅटरी लवकर उतरते, म्हणून तो एअरप्लेन मोडवर टाकावा.

बातमीसाठी सेलवर चालणारा छोटा रेडिओ अजूनही कामाचा आहे. आकाशवाणीचे सांगली, कोल्हापूर, धारवाड, पणजी यांपैकी आपल्या गावात कोणते केंद्र स्वच्छ लागते ते आधीच बघून ठेवावे.

इन्व्हर्टर किती चालेल?

दुकानदार 'आठ तास चालतो' म्हणतो, तो कशावर हे विचारावे. हिशेब अवघड नाही. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे कागदावर १,८०० वॅट-तास. बॅटरी पूर्ण उपसायची नसते आणि इन्व्हर्टरमध्येही वीज खर्च होते. हातात येतात साधारण १,१५० वॅट-तास.

* ९ वॅटचे ४ बल्ब, ७५ वॅटचे २ पंखे, राउटर आणि दोन मोबाईल : सुमारे २१५ वॅट. चालेल ५ तासांच्या थोडे वर.
* तेच, पण ३० वॅटचे बीएलडीसी पंखे : सुमारे १२५ वॅट. चालेल ९ तास.
* २ बल्ब, एक बीएलडीसी पंखा, राउटर : सुमारे ६० वॅट. चालेल १९ तास.

बॅटरी जुनी असेल तर यातून बरेच कमी धरावे. म्हणजे लाईट गेल्यावर पहिल्या तासातच अनावश्यक पंखे-टीव्ही बंद केले तर तीच बॅटरी तिप्पट चालते. मिक्सर, इस्त्री, गिझर इन्व्हर्टरवर लावू नये. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच घालावे, नळाचे किंवा आरओचे नाही. बॅटरी हवेशीर जागी आणि जमिनीपासून उंच ठेवावी. पुराच्या पट्ट्यात ती जिन्याखाली असेल तर पहिल्यांदा तीच बुडते.

जनरेटर आणि कोळशाची शेगडी : इथे जीव जातो

जनरेटर खोलीत, व्हरांड्यात, बेसमेंटमध्ये किंवा खिडकीखाली लावू नये. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही आणि त्याला वास नसतो. डोके जड होते, मळमळते, झोप आल्यासारखे वाटते आणि माणूस उठतच नाही. बंद खोलीत ऊब घेण्यासाठी कोळशाची शेगडी ठेवली तरी हेच होते. ग्वाल्हेरसारख्या कडाक्याच्या थंडीच्या शहरात ही काळजी जास्त घ्यावी.

दुसरी गोष्ट : जनरेटरची वायर घरातल्या प्लगमध्ये खुपसून सगळ्या घराला लाईट द्यायची युक्ती काही जण करतात. चेंजओव्हर स्विच नसेल तर ती वीज उलट्या दिशेने बाहेरच्या तारेत जाते आणि ट्रान्स्फॉर्मरमधून तिचा दाब वाढतो. खांबावर काम करणारा लाईनमन लाईन बंद आहे असे समजून तारेला हात लावतो. आपल्या घरातला पंखा चालू राहावा म्हणून दुसऱ्याच्या घरातला माणूस जातो. चेंजओव्हर स्विच इलेक्ट्रिशियनकडूनच बसवून घ्यावा.

औषधे, इन्सुलिन, ऑक्सिजन

बीपी, शुगर, थायरॉईड, फिट्स, दमा यांच्या रोजच्या गोळ्या आणि पंप किमान १५ दिवसांचे जादा असावेत. चिठ्ठीचा फोटो मोबाईलमध्ये आणि झेरॉक्स पिशवीत ठेवावी. दुसऱ्या गावात अडकल्यास तिथला केमिस्ट चिठ्ठीवरच औषध देतो. औषधाचे कंपनीचे नाव वेगळे निघते, म्हणून मूळ औषधाचे नाव आणि मिलिग्रॅम लिहून ठेवावे.

इन्सुलिन : न उघडलेली कुपी २ ते ८ अंश तापमानात ठेवायची असते. वापरात काढलेली कुपी किंवा पेन बहुतेक प्रकारांत साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानात चालते, पण खोली फार तापलेली नसावी. नेमके किती दिवस हे आपल्या कुपीच्या माहितीपत्रकात बघावे किंवा डॉक्टरांना विचारून वर लिहून ठेवावे. लाईट बराच वेळ येणार नसेल तर कुपी कोरड्या झाकणाच्या डबीत घालून, ती डबी ओल्या वाळूत बसवलेल्या मातीच्या मडक्यात ठेवावी. बाष्पीभवनाने मडके गार राहते. इंदूर-वडोदऱ्याच्या कोरड्या उन्हाळ्यात हा उपाय चांगला चालतो. खानापूरच्या जुलैतल्या दमट हवेत तो कमी चालतो, मात्र तेव्हा हवाच गार असते. बर्फाला कुपी थेट टेकवू नये. गोठलेले इन्सुलिन पुन्हा पातळ झाले तरी वापरायचे नसते.

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर : ५ लिटरचे मशीन साधारण ३०० ते ४०० वॅट घेते. वर सांगितलेल्या १,१५० वॅट-तासांच्या बॅटरीवर ते तीन तासही जेमतेम काढेल. म्हणून रुग्ण घरात असेल तर भरलेला सिलिंडर हवाच. बी-टाइप सिलिंडरमध्ये सुमारे १,५०० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला २ लिटर लागत असेल तर तो साडेबारा तास पुरतो. त्यानंतरची सोय कुठल्या दवाखान्यात होईल हे डॉक्टरांशी बोलून आधीच ठरवावे. आपल्या वीज कार्यालयात 'या घरात ऑक्सिजनवर रुग्ण आहे' असा लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी.

घरची पेटी : ओआरएसची दहा पाकिटे, पॅरासिटामॉल, बँडेज, कापूस, जंतुनाशक, थर्मामीटर, सॅनिटरी पॅड. ओआरएस नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. पुरात साप घरात येतात. दंश झाला तर करकचून बांधू नये, चिरू नये, चोखू नये. तो अवयव न हलवता सरकारी दवाखाना गाठावा. १०८ ला फोन करावा.

फ्रीजमधले काय टाकायचे, काय नाही

दार न उघडल्यास फ्रीजमधला गारवा साधारण चार तास टिकतो. गच्च भरलेला फ्रीझर दोन दिवस, अर्धा भरलेला एक दिवस. लाईट गेली की दार उघडून 'बघायचे' नाही. आधी दूध, शिजवलेले अन्न, मासे-मटण संपवावे. भाज्या, लोणी, लोणची, चटण्या टिकतात. शिजवलेला भात-आमटी बाहेरच्या उकाड्यात बराच वेळ राहिली तर वास न येताही बाधू शकते. शंका आली तर ती जनावरालाही घालू नये, टाकून द्यावी.

लाईट येते तेव्हा दाब कमी-जास्त होतो. म्हणून लाईट गेल्यावर फ्रीज, टीव्ही, कॉम्प्युटरचे स्विच बंद करावेत आणि आल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी चालू करावेत. घरात पाणी शिरले असेल तर ओल्या पायांनी मेन स्विचला हात लावू नये. पाणी येण्याआधीच मेन बंद करावा. पाणी ओसरल्यावर इलेक्ट्रिशियनने वायरिंग बघितल्याशिवाय चालू करू नये. तुटलेली तार दिसली तर किमान दहा मीटर लांब राहून १९१२ ला कळवावे.

रोकड आणि कागदपत्रे

नेटवर्क गेले की क्यूआर कोडचा काही उपयोग नाही आणि एटीएमही बंद. घरात आठवड्याच्या खर्चाइतकी रोकड, तीही १०, २०, ५० आणि १०० च्या नोटांत ठेवावी. पाचशेची सुट्टी कोणी देत नाही.

एका जाड प्लास्टिकच्या, चेन असलेल्या पिशवीत हे ठेवावे : रेशनकार्ड, आधार, बँक पासबुक, विम्याचे कागद, मुलांचे दाखले आणि जमिनीचा उतारा. महाराष्ट्रात तो सातबारा, कर्नाटकात पहाणी, गोव्यात फॉर्म १ आणि १४. मूळ कागद बुडाले तर नकला काढण्यात महिने जातात. नुकसानभरपाईला पंचनामा लागतो, त्यासाठी पाणी येण्याआधीचे घराचे, गोठ्याचे, शेतीपंपाचे दोन-चार फोटो मोबाईलमध्ये असावेत. आधार जोडलेले रेशनकार्ड आता दुसऱ्या राज्यातल्या रेशन दुकानातही चालते. पाहुण्यांकडे अडकलेल्यांना त्याचा उपयोग होतो.

सीमाभागात राहणाऱ्यांसाठी वेगळ्या चार गोष्टी

१. ग्राहक क्रमांक : १९१२ हा वीज तक्रारीचा क्रमांक बहुतेक ठिकाणी एकच, पण प्रत्येक राज्यात ते आपापला नंबर मागतात. हेस्कॉमला आरआर नंबर, महावितरणला १२ आकडी ग्राहक क्रमांक, गोव्यात सीए नंबर, मध्य प्रदेशात आयव्हीआरएस नंबर, तेलंगणात यूएससी नंबर. तो बिलावर असतो. बिल कन्नड, तेलुगू किंवा गुजरातीत असेल आणि घरातल्या मोठ्यांना वाचता येत नसेल तर तो नंबर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून मीटरजवळ चिकटवावा.

२. ११२ ला काय सांगायचे : सीमेवरच्या गावात मोबाईल पलीकडच्या राज्याचा टॉवर पकडतो. त्यामुळे कॉल त्या राज्याच्या कक्षात जाऊ शकतो. पहिल्याच वाक्यात राज्य, जिल्हा, तालुका, गाव सांगावे, मग अडचण. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७ आहे.

३. पाऊस तिकडे, पूर इकडे : चिकोडी-निपाणी भागात पाऊस थांबलेला असतानाही पाणी वाढू शकते. कोयना आणि वारणेचे पाणी कृष्णेतून येते, राधानगरीचे पंचगंगेतून आणि काळम्मावाडीचे दूधगंगेतून. कल्लोळजवळ दूधगंगा कृष्णेला मिळते. म्हणून राजापूर बंधाऱ्यावरचा आणि धरणांचा विसर्ग रोज बघावा. खालचे बंधारे-पूल पाण्याखाली गेल्याची बातमी आली की सामान आणायची शेवटची फेरी त्याच दिवशी करावी.

४. घाटाचा भरवसा नाही : गोव्याची भाजी आणि दूध मोठ्या प्रमाणात बेळगावहून जाते. चोर्ला आणि अनमोड घाटात दरड आली की दोन्ही बाजूंची अडचण होते. २३ जुलै २०२१ रोजी दूधसागर-सोनावळी दरम्यान दरडीमुळे रेल्वेही घसरली होती. गोव्यातल्या कुटुंबांनी पावसाळ्यात कांदे, बटाटे, कडधान्ये आणि दूध पावडर आठवडाभराची ठेवावी.

गोठा असेल तर

मोठ्या जनावराला कोरडी वैरण दिवसाला ५-६ किलो तरी लागते. तीन दिवसांची, म्हणजे १५-१८ किलो, माळ्यावर किंवा उंच जागी ठेवावी. पाणी चढत असेल आणि जनावरे नेणे शक्य नसेल तर दावे सोडावे. मोकळे जनावर पोहून उंचवटा गाठू शकते, बांधलेले जागीच जाते.

घरात म्हातारी माणसे एकटी असतील तर

या पट्ट्यातल्या अनेक घरांत मुले पुण्याला, मुंबईला, गोव्याला नोकरीत आणि आई-वडील गावात, अशी स्थिती आहे. सामान भरून दिले म्हणजे काम झाले असे होत नाही. २० लिटरचा कॅन त्यांना उचलता येतो का? नसेल तर पाच लिटरचे चार कॅन द्यावेत. टॉर्चचे बटण दाबता येते का? औषधाच्या डबीवरची अक्षरे दिसतात का? शेजारच्या एका घराला किल्ली आणि मुलांचे नंबर द्यावेत. महत्त्वाचे पाच नंबर कागदावर लिहून भिंतीला लावावेत, कारण मोबाईल बंद पडला की पाठ असलेला नंबर कोणाकडेच नसतो. फोन लागेनासा झाल्यास किती तासांनी शेजाऱ्याने दार वाजवायचे, हेही आधी ठरवावे. वयस्कर माणसे 'कशाला त्रास द्यायचा' म्हणून हाक मारत नाहीत.

साठा वाया जाऊ नये म्हणून

एकदम सगळे आणले तर खर्च अंगावर येतो. दर आठवड्याच्या बाजारात एक-दोन वस्तू जादा घेतल्या तर दोन महिन्यांत सात दिवसांचा साठा होतो. व्यापारी जसा जुना माल पुढे आणि नवा मागे लावतो तसेच घरात करावे. नवीन पाकीट मागे, आधीचे आधी वापरायचे. घरात कोणी खात नाही ते साठवू नये. स्वस्त मिळाली म्हणून आणलेली दहा सूप पाकिटे शेवटी फेकावी लागतात.

एक साधी वही पुरते. चार रकाने : वस्तू, किती, मुदत कधी संपते, जागा. ती वर्षातून दोनदा तपासावी. पहिल्यांदा मृग निघण्याआधी, मे अखेरीस : धान्य, पाणी, गॅस, औषधे, प्लास्टिक पिशवीतले कागद. दुसऱ्यांदा खंडेनवमीला, हत्यारे-यंत्रे पुसून पूजायला काढतोच तेव्हा : टॉर्च, सेल, पॉवर बँक, इन्व्हर्टरचे पाणी, चेंजओव्हर स्विच. रविवारी संध्याकाळी मुद्दाम मेन स्विच बंद करून दोन तास घर चालवून बघावे. काय सापडत नाही, काय चालत नाही, ते तेव्हाच कळते.

हाताशी ठेवायचे नंबर

* ११२ : पोलीस, आग, सर्व तातडीची मदत
* १०८ : रुग्णवाहिका
* १०१ : अग्निशमन
* १९१२ : वीज तक्रार, तुटलेली तार
* १९०६ : गॅस गळती
* १०७७ : जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष
* १०७० : राज्य आपत्ती नियंत्रण कक्ष

याखाली आपल्या भागातील लाईनमन, ग्रामपंचायत किंवा नगरसेवक, जवळचा दवाखाना, गॅस एजन्सी आणि शेजारी यांचे नंबर हाताने लिहून कागद भिंतीला लावावा.